दोराच्या आधाराने मोठ्या झाडाची छाटणी : पाहणीपासून खाली उतरेपर्यंत

एप्रिल-मे महिन्यांत, वळवाचा पाऊस येण्याआधी, आपल्या शहरांतून झाडांच्या छाटणीची घाई सुरू होते. गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांच्या वाळलेल्या फांद्या वाऱ्याने कोसळू नयेत म्हणून कोणीतरी झाडावर चढतो, आणि बहुतेक वेळा तो अनवाणी असतो, कंबरेला कोयता खोचलेला असतो आणि सोबतचा दोर फक्त तोडलेली फांदी खाली सोडण्यासाठी असतो. या लेखात जी पद्धत सांगितली आहे तिच्यात दोर आधी माणसासाठी असतो आणि मग फांदीसाठी. चढणाऱ्याचे वजन पूर्ण वेळ दोरावर राहते, हात-पाय फक्त तोल आणि दिशा सांभाळतात.

या सगळ्या तंत्राचा पाया दोन नियमांवर आहे. दोराचा आधार कायम डोक्याच्या वर असावा आणि दोरात ढील नसावी. छाटणीसाठी वापरला जाणारा दोर फारसा ताणला जात नाही, त्यामुळे पडण्याचा धक्का तो शोषून घेत नाही. दीड-दोन मीटर ढील असताना पाय सुटला तर दोर तुटणार नाही कदाचित, पण कंबर आणि मणका यांना मोठी इजा होऊ शकते. पुढे जे जे सांगितले आहे ते या दोन नियमांसाठीच आहे. हे तंत्र केवळ वाचून येत नाही, हेही सुरुवातीलाच सांगायला हवे. जाणकाराच्या देखरेखीखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, प्रत्येक गाठ आणि प्रत्येक हालचाल अंगवळणी पडेपर्यंत सराव करावा आणि मगच शेंड्याकडे पाहावे.

चढण्याआधीची पाहणी

नागरी भागात पहिली पायरी कागदावरची आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि या कायद्यातील ‘तोडणे’ या शब्दात झाडाला इजा पोहोचवणेही येते, म्हणून मोठ्या फांद्यांच्या छाटणीआधीही पालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून वेगळे स्थान मिळाले आहे, त्यामुळे जुन्या वड-पिंपळांच्या बाबतीत अधिक काटेकोरपणा हवा. बगळ्यांची वीण पावसाळ्यात, बहुधा मोठ्या पर्जन्यवृक्षांवर आणि चिंचांवर होते. अशा झाडाला त्या दिवसांत करवत लावू नये, पिल्ले खाली पडतात आणि मरतात.

विजेच्या तारा हा सर्वांत मोठा धोका आहे. वितरण कंपनीला आधी कळवून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय तारांच्या तीन मीटरच्या आत माणूस, दोर, करवत किंवा कापली जाणारी फांदी यांपैकी काहीही येता कामा नये, आणि उच्च दाबाच्या वाहिनीसाठी हे अंतर आणखी वाढते. तारेवर रबराचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण दिसते म्हणून ती सुरक्षित मानू नये. ओली फांदी वीज वाहून नेते, हेही लक्षात असू द्यावे.

मग झाडाभोवती दोन फेऱ्या माराव्यात, एक बुंध्याजवळून आणि दुसरी लांबून. जवळून पाहताना मुळांच्या सांध्याशी उगवलेली कडक, फळीसारखी अळंबी, नुकतीच फुगलेली किंवा तडकलेली माती, सालीतून झिरपणारा काळपट स्राव, ढोल्या आणि उभ्या भेगा शोधाव्यात. बुंध्यावर लाकडी हातोडीने ठोकत गेल्यास पोकळ भागाचा आवाज बदलतो. बुंध्याशी अळंबी उगवलेले झाड वरून कितीही हिरवेगार असले तरी त्याची मुळे कुजलेली असू शकतात, आणि अशा झाडावर चढायचेच नाही. ते काम क्रेनच्या पाळण्यातून करावे. लांबून पाहताना वाळलेल्या फांद्या, आधीच तुटून दुसऱ्या फांदीवर अडकलेली लाकडे आणि मधमाश्यांची पोळी दिसतात. आग्यामोहोळ असेल तर त्या दिवशी काम थांबवावे, कारण दोरावर लटकलेल्या माणसाला पळून जाता येत नाही. आंब्यावर पाने शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या जीव घेत नाहीत, पण एका हाताने गाठ धरलेली असताना त्यांचा चावा पुरेसा अनर्थ करू शकतो.

झाडाची जात लाकडाचा भरवसा सांगते. चिंच आणि कडुनिंब यांच्या निरोगी फांद्या चिवट असतात. गुलमोहर आणि सोनमोहर यांचे लाकूड ठिसूळ असते आणि ते फारशी पूर्वसूचना न देता मोडते, शेवग्यावर तर चढूच नये. निलगिरीची वाळकी फांदी वारा नसतानाही सुटते. आंब्याचा चीक कातडीला जाळतो, म्हणून तिथे पूर्ण बाह्यांचा सदरा हवा.

साहित्य, आणि सह्याद्रीत चढणाऱ्यांसाठी एक सूचना

आपल्याकडे या कामाकडे वळणारे अनेक जण सह्याद्रीतल्या कातळारोहणातून येतात. प्रुसिक (दोराला आवळणारी गाठ), कॅराबिनर (उघडबंद होणारी धातूची कडी), हार्नेस (कंबर-मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज) हे शब्द त्यांच्या तोंडी असतातच, पण त्यांची निम्मी सवय इथे मोडावी लागते. कातळावर दोर पडणाऱ्याला झेलण्यासाठी असतो म्हणून तो ताणला जाणारा, म्हणजे डायनॅमिक, असतो. झाडावर माणूस सतत दोरावर बसलेला असतो म्हणून तो कमी ताणाचा हवा. अकरा ते तेरा मिलिमीटर जाडीचा, वरून विणलेले आवरण असलेला, युरोपीय मानक ईएन १८९१ मधील ‘अ’ वर्गाचा दोर योग्य असतो. त्याची तुटण्याची मर्यादा किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,२०० किलो वजनाइतकी असते. लांबी मोजताना आधाराच्या उंचीची दुप्पट धरून वर काही मीटर सोडावेत. पंधरा मीटरवर आधार असेल तर पंचेचाळीस मीटर दोर आरामात पुरतो. काथ्याचा, सुताचा किंवा बाजारातला पिवळा-निळा प्लॅस्टिकचा दोर माणसासाठी कधीही वापरू नये.

कातळारोहणाचा हार्नेसही पुरत नाही, कारण त्यात तासभर बसले की मांड्या बधिर होतात. झाडासाठीच्या हार्नेसला रुंद पट्टे असतात, समोर दोर अडकवण्यासाठी हलता पट्टा असतो आणि कंबरेच्या दोन्ही बाजूंना लॅनयार्डसाठी कड्या असतात. लॅनयार्ड म्हणजे तीन-चार मीटरचा आखूड दोर, जो बुंध्याभोवती टाकून माणूस स्वतःला जागच्या जागी धरून ठेवतो. कॅराबिनर आपोआप बंद होणारे आणि उघडण्यासाठी सलग तीन क्रिया लागणारे घ्यावेत. स्क्रूचे कॅराबिनर फांदीला घासून सैल होऊ शकतात. हनुवटीचा पट्टा असलेले हेल्मेट, डोळ्यांसाठी चष्मा, पकड असलेले हातमोजे आणि म्यानात बसणारी, ओढताना कापणारी वाकडी हातकरवत एवढे साहित्य सुरुवातीला पुरते. कोयता घरीच ठेवावा, कारण त्याचा घाव फांदीऐवजी ताणलेल्या दोरावर बसण्याची शक्यता फार असते. लोखंडी काटे असलेले बूट फक्त पाडायच्या झाडासाठी असतात. छाटायच्या झाडावर ते वापरले तर प्रत्येक पावलागणिक सालीला भोक पडते आणि तिथून कीड-कुज शिरते.

दोर वर पोहोचवणे

हे काम जमिनीवरून होते आणि इथे घाई करणाऱ्याला पुढे दुप्पट वेळ लागतो. अडीचशे ते साडेचारशे ग्रॅम वजनाची, छर्रे भरलेली छोटी पिशवी आणि दोन मिलिमीटरची गुळगुळीत, बळकट दोरी लागते. खरबरीत सालीच्या झाडाला जड पिशवी घ्यावी, नाहीतर ती बेचक्यातच अडकून बसते. दोन्ही पाय फाकून उभे राहावे, दोरीचा छोटा दुहेरी फास करून पिशवी दोन्ही हातांनी पायांच्या मध्ये झुलवावी आणि तिसऱ्या-चौथ्या झोक्याला सोडून द्यावी. लक्ष्याच्या किंचित वर नेम धरावा. तारांच्या दिशेने ही पिशवी कधीही फेकू नये.

पिशवी हवी त्या बेचक्यातून पलीकडे गेली तरी काम संपत नाही. दोरी वाटेतल्या बारीक काटक्यांवरही पडलेली असते, आणि तिच्यामागून आलेला दोर एका काटकीवर पेललेला असेल तर चढणाऱ्याचे वजन येताच ती मोडते व तो अर्धा-एक मीटर खाली झटका खातो. म्हणून पिशवी पुन्हा खाली-वर करून, दोरी हलवत, ती फक्त ठरलेल्या मुख्य बेचक्यावर येईपर्यंत सोडवत राहावी. त्यानंतर दोरीच्या शेवटी दोराचे टोक अर्ध्या गाठींनी बांधून, सांधा चिकटपट्टीने गुळगुळीत करून, दोर ओढून घ्यावा. झाडाची साल आणि दोर दोन्ही वाचवण्यासाठी दोन वेगवेगळ्या आकारांच्या कड्या असलेला पट्टा बेचक्यात बसवता येतो. तो वापरल्यास दोर कड्यांमधून सरकतो, घर्षण एकसारखे राहते आणि सालीवर चरा पडत नाही.

आधाराची फांदी निरोगी, हिरवी आणि मुख्य खोडाला जोडलेली असावी. जोडाजवळ तिचा व्यास किमान दहा सेंटिमीटर असावा आणि ठिसूळ लाकडाच्या झाडात त्याहून जाड फांदी शोधावी. दोर सांध्याच्या अगदी जवळ, म्हणजे खोडाला चिकटून असावा. बेचक्याचा आकार पाहावा. खोडाशी अगदी अरुंद कोन करणाऱ्या आणि मध्ये साल दबलेल्या जोडावर भरवसा ठेवू नये. तो जोड बाहेरून घट्ट दिसतो, पण आत लाकूड लाकडाशी जुळलेले नसते. मग दोन माणसांनी मिळून दोराला लटकून हिसके द्यावेत आणि वर पाहत राहावे.

इथे एक हिशेब समजून घेतला की पुढचे निर्णय सोपे होतात. फिरत्या दोराच्या पद्धतीत दोर बेचक्यावरून जाऊन त्याचे दोन्ही पदर चढणाऱ्यापाशी येतात, त्यामुळे ऐंशी किलोच्या माणसाचा आधारावर भार सुमारे ऐंशी किलोच येतो. स्थिर दोराच्या पद्धतीत दोराचे एक टोक बुंध्याला बांधून माणूस दुसऱ्या पदरावर चढतो, तेव्हा दोन्ही पदर फांदीला खाली ओढतात आणि भार जवळपास एकशेसाठ किलो होतो. स्थिर दोरावर चढणे कमी दमवणारे आहे, पण शिकणाऱ्याने फिरत्या दोराने सुरुवात करावी. आधाराच्या निवडीत चूक झाली तरी तिथे तेवढी सवड मिळते.

गाठ

दोराच्या एका टोकाला दुहेरी फिशरमन पद्धतीचा, कॅराबिनरवर आवळून बसणारा फास करून ते हार्नेसच्या समोरच्या पट्ट्यात अडकवावे. दुसरा पदर मोकळा जमिनीपर्यंत लोंबत राहील, आणि त्याच्यावर घर्षणगाठ बांधायची असते. घर्षणगाठीचे वैशिष्ट्य असे की वजन पडले की ती दोराला आवळते आणि वजन हलके करून हाताने सरकवली की सरकते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाणारी गाठ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. छाटणीच्या कामात मात्र ब्लेक गाठ अधिक सोयीची ठरते, कारण ती एकाच टोकाने बांधता येते आणि वजन पडल्यानंतरही सहज सुटते.

ती बांधण्यासाठी त्याच जाडीचा दीड मीटरचा वेगळा तुकडा घ्यावा आणि त्याचे एक टोक वरच्याप्रमाणेच कॅराबिनरने हार्नेसला जोडावे. दुसरे टोक मुख्य दोराभोवती, मध्ये अंगठा धरून, खालून वर असे दोनदा गुंडाळावे. अंगठा बाहेर न काढता त्याच्या वर आणखी दोन वेढे द्यावेत. आता ते टोक खाली आणावे, हार्नेसकडून येणाऱ्या पदराच्या समोरून न्यावे, मुख्य दोराच्या मागून फिरवावे आणि जिथे अंगठा होता त्या पोकळीतून, म्हणजे खालच्या दोन वेढ्यांखालून, बाहेर काढावे. वेढे एकमेकांना लागून, न चढता, ओळीने बसले पाहिजेत. टोकाला आठच्या आकाराची गाठ मारलीच पाहिजे, कारण ब्लेक गाठीचे टोक हळूहळू आत सरकत जाते. शेवटी सगळे वेढे हाताने आवळून, जमिनीपासून हातभर वर लटकून, दोन-तीन वेळा धक्के देऊन ती पकडते का हे पाहावे. मुख्य दोराच्या खालच्या टोकालाही एक जाड गाठ असावी, म्हणजे उतरताना दोर कमी पडला तरी माणूस टोकावरून सुटणार नाही.

चढणे

खोडासमोर उभे राहून दोन्ही तळवे सालीवर टेकवावेत आणि मागे रेलून पूर्ण वजन दोरावर द्यावे. दोन्ही हातांनी गाठीच्या वरचा दोर धरून खाली ओढावा आणि त्याच क्षणी कंबर जोरात वर ढकलावी. क्षणभर जी ढील पडते ती गाठ वर सरकवून लगेच खाऊन टाकावी आणि पुन्हा रेलावे. नव्या माणसाचे दंड दहा मिनिटांत भरून येतात, कारण तो हातांनी चढू पाहतो. जोर मांड्या आणि कमरेचा असतो, हात फक्त वेळ साधतात. फिरत्या दोरात एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो, त्या बदल्यात घर्षण वगळता निम्म्याच वजनाचा जोर लागतो. गाठीखाली छोटी कप्पी लावली तर जमिनीवरचा सोबती दोराचे टोक ओढून ढील काढू शकतो आणि चढणाऱ्याचे अर्धे श्रम वाचतात.

घाबरल्यावर माणूस जे समोर असेल ते घट्ट पकडतो, आणि इथे समोर असते ती गाठ. वरून मुठीत आवळलेली गाठ पकड सोडते आणि माणूस अधिक वेगाने खाली येतो. घाबरलो की गाठ सोडून द्यायची, ही सवय जमिनीलगतच्या सरावात मुद्दाम, वारंवार करून लावून घ्यावी लागते.

वर पोहोचल्यावर आधार बदलायचा असेल, म्हणजे आणखी उंच बेचक्यात जायचे असेल, तर आधी लॅनयार्ड बुंध्याभोवती टाकून, त्यावर वजन देऊन पाहून, मगच दोर सोडवावा. एक जोड पूर्ण झाल्याशिवाय दुसरा सुटत नाही.

फांदीवर फिरणे आणि कापणे

आडव्या फांदीवर जाताना तोंड आधाराकडे ठेवून, गुडघे थोडे वाकवून, बाजूने किंवा मागे मागे सरकावे आणि गाठीतून दोर थोडा थोडा सोडत जावे. वजन जितके दोरावर तितकी फांदी कमी वाकते. दोराचा उभ्या रेषेशी होणारा कोन पंचेचाळीस अंशांपेक्षा वाढू देऊ नये. त्यापुढे पाय घसरला तर माणूस लंबकाप्रमाणे खोडावर जाऊन आदळतो. पर्जन्यवृक्षाचा पसारा छत्रीसारखा आडवा असल्याने हा प्रश्न तिथे हमखास येतो, आणि मधल्या एखाद्या मजबूत बेचक्यात पट्टा व कॅराबिनर लावून दोर त्यातून वळवून घेणे हाच त्यावर उपाय आहे.

करवत म्यानातून काढण्याआधी दोन स्वतंत्र आधार हवेत, दोर आणि लॅनयार्ड. ताणलेल्या दोराला धारदार करवतीचा नुसता स्पर्श झाला तरी तंतू फटाफट तुटतात, हे ज्याने जुन्या दोरावर एकदा करून पाहिले आहे तो आयुष्यभर करवतीची दिशा तपासतो. चेनसॉ झाडावर वापरण्याचे शिक्षण वेगळे आहे आणि ते या लेखाच्या कक्षेत नाही.

मनगटापेक्षा जाड फांदी तीन कापांत काढावी. जोडापासून सुमारे तीस सेंटिमीटर अंतरावर खालून पहिला काप घ्यावा, तो जाडीच्या पाव ते एक तृतीयांश इतका खोल असावा. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, टोकाच्या बाजूला, वरून घ्यावा. फांदी मोडून पडते, पण साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा. हा शेवटचा काप कुठे असावा हे अमेरिकी वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांच्या संशोधनामुळे स्पष्ट झाले. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीचा एक फुगवटा असतो, काप त्याच्या लगेच बाहेर घ्यावा. झाड जखम भरून काढत नाही, ते तिला आतून कोंडून घेते, आणि हे कोंडण्याचे काम त्या फुगवट्यातल्या पेशी करतात. खोडाशी सपाट कापले तर तो फुगवटा जातो, लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत उतरतो. कापावर डांबर किंवा रंग फासल्याने ही प्रक्रिया वेगवान होत नाही. आंबा बागायतदार बोर्डो पेस्ट लावतात ते बुरशीसाठी, आणि बागेत त्याला अर्थ आहे.

एका हंगामात पानांचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग काढू नये. सोसायटीचे पदाधिकारी बहुधा ‘शेंडाच उडवा, पुन्हा दोन वर्षे बघायला नको’ असे सांगतात; त्यांना नम्रपणे नकार द्यावा. शेंडा उडवलेल्या झाडाला कापाजवळून वरवर चिकटलेले धुमारे फुटतात आणि तेच पुढच्या वादळात गाड्यांवर पडतात. वाळलेल्या, किडलेल्या आणि एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या आधी काढल्या की पुष्कळदा निरोगी फांदीला हात लावायची गरजच उरत नाही.

खालची माणसे, आणि उतरणे

तीस सेंटिमीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा ओला ओंडका साठ ते सत्तर किलो भरतो. एवढे वजन हाताने फेकण्याचे नसते. ते वेगळ्या दोराने, बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन, सोबत्याने सावकाश सोडायचे असते, आणि माणसाचा दोर व फांदीचा दोर कधीही एक नसावा. खाली किमान दोन माणसे असावीत, पडण्याची जागा दोरीने बंद केलेली असावी आणि ‘खाली जातंय’ अशा हाकेला खालून उत्तर आल्याशिवाय शेवटचा काप घेऊ नये. खालच्यांपैकी एकाला दोरावर चढता आले पाहिजे आणि त्याच्यासाठी दुसरा दोर, दुसरा हार्नेस तयार हवा. बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाची प्रकृती मिनिटांत ढासळू शकते. १०८ ची रुग्णवाहिका किंवा १०१ चे अग्निशमन दल येईपर्यंत त्याला उतरवण्याची सोय जागेवर असली पाहिजे.

उतरताना एक हात गाठीवर ठेवून ती हलकेच खाली ओढावी आणि दुसऱ्या हाताने गाठीखालचा दोर धरून वेग आवरावा. वेग चालण्याइतका असावा. नायलॉन आणि पॉलिएस्टर साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतात, आणि भरधाव घसरणाऱ्या गाठीत एवढी उष्णता निर्माण होऊ शकते. गाठीच्या तुकड्यावर काचेसारखी चकाकी आली असेल तर तो तुकडा कामातून गेला असे समजावे.

काम संपल्यावर दोर पूर्ण लांबीभर बोटांतून सोडत जावा. मध्ये कुठे मऊ पडलेली जागा, गुठळी, बारीक झालेला भाग किंवा आवरणातून डोकावणारा गाभा लागतो का, हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते. चीक आणि डिंक साध्या पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन दोर सावलीत वाळवावा, आणि तो पेट्रोल किंवा बॅटरीच्या आम्लाजवळ ठेवू नये. करवतीचा दात लागलेला किंवा मोठा झटका खाल्लेला दोर माणसासाठी बाद करावा. तो चुकून पुन्हा पिशवीत जाऊ नये म्हणून त्याच दिवशी त्याचे दोन-दोन मीटरचे तुकडे करून टाकावेत.